बेपत्ता खेळांचा माग

१९८४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या संगणक-मासिकांत एक विचित्र जाहिरात येत असे. जाहिरात खेळांची, पण तिच्यात खेळाचे चित्रच नव्हते! होती ती ते खेळ तयार करणाऱ्या तरुण प्रोग्रॅमरांची छायाचित्रे. ‘सायक्लॅप्स’ आणि ‘बँडरस्नॅच’ अशी त्या दोन खेळांची नावे. लिव्हरपूलची इमॅजिन सॉफ्टवेअर ही कंपनी ते काढणार होती. घरगुती संगणकाचा खेळ त्या वेळी पाच-सहा पौंडांना मिळे. हे खेळ मात्र चाळीस पौंडांच्या घरात जाणार होते, कारण खेळाबरोबर संगणकाच्या पाठीमागे खोचायची एक पेटीही मिळायची होती. तिने संगणकाची ताकद वाढावी आणि खेळाची चोरटी नक्कल करणाऱ्याचीही पंचाईत व्हावी, असा दुहेरी बेत होता.

बेत कागदावरच राहिला. ९ जुलै १९८४ रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. गंमत अशी, की या भरभराटीच्या धंद्यावर माहितीपट काढण्यासाठी बीबीसीचे पथक तेव्हा कंपनीत येऊन-जाऊन होते. भरभराट टिपायला गेलेल्यांनी दिवाळे टिपले! तो माहितीपट त्याच वर्षी डिसेंबरात दाखवला गेला. ‘सायक्लॅप्स’ आणि ‘बँडरस्नॅच’ दुकानात कधीच आले नाहीत.

मग ते होते तरी का? असले तर किती तयार होते? आणि आज कोठे आहेत?

असे प्रश्न घेऊन त्यांचा पिच्छा पुरवणारी माणसे जगात आहेत. जुन्या घरगुती संगणकांसाठी लिहिलेले, पण प्रसिद्ध न झालेले प्रोग्रॅम शोधून काढणे हा त्यांचा उद्योग. ब्रिटनच्या फ्रँक गॅस्किंग यांनी अशा खेळांच्या शोधात अनेक वर्षे घालवली आणि २०२० साली ‘द गेम्स दॅट वेअरन्ट’ नावाचा जाडजूड ग्रंथ काढला. नुसता छंद म्हणून याकडे पाहिले तर आपण चुकू. या कामात पुरावा कसा तोलतात हे पाहण्याजोगे आहे, आणि शेवटी गाठ पडते ती भौतिकशास्त्राशीच.

तुम्हाला नेपच्यूनची कथा ठाऊक असेल. युरेनस ग्रह आपल्या वाटेवरून किंचित ढळतो, त्याअर्थी पलीकडे कोणीतरी त्याला ओढत असावे, असे गणित फ्रान्सच्या लव्हेरिए याने मांडले, आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला जवळजवळ सांगितल्या जागी नेपच्यून दिसला. याच लव्हेरिएने पुढे बुधाची चाल थोडी वेगळी दिसते म्हणून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असे मांडले. त्याला ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले. हा ग्रह मात्र नव्हताच! बुधाच्या चालीचे खरे कारण १९१५ साली आइन्स्टाइनने सांगितले. आपल्या शोधकांपुढेही हाच पेच असतो. यादीतले एखादे नाव नेपच्यून निघते, एखादे व्हल्कन. ते कोणते हे आधी कळत नाही.

आता हे संगणक कसे होते ते थोडक्यात पाहू. उदाहरणासाठी ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ घेऊ. तो एप्रिल १९८२ मध्ये आला. पडदा म्हणून त्याला घरचा दूरदर्शन संच जोडायचा. मोठ्या नमुन्याची स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे मोबाइलवर आज काढलेल्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. आणि प्रोग्रॅम साठवायचे कशावर? गाणी ऐकायच्या साध्या कॅसेटवर! टेपरेकॉर्डर संगणकाला जोडायचा, कळ दाबायची आणि चार-पाच मिनिटे किरकिर ऐकत बसायचे. ती किरकिर म्हणजेच प्रोग्रॅम.

शोधाला सुरुवात बहुधा नावापासून होते. कधी ते नाव फारच मजेशीर ठिकाणी सापडते. ‘अल्टिमेट प्ले द गेम’ या कंपनीचा ‘अंडरवर्ल्ड’ नावाचा खेळ १९८४ साली आला. त्यात भुयारातून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी पुढच्या एका खेळाचे नाव पडद्यावर येते. पहिले नाव ‘नाइट लोअर’. तो त्याच वर्षी आला. दुसरे ‘पेंटाग्राम’. तो १९८६ मध्ये आला. तिसरे ‘मायर मेअर’. तो कधीच आला नाही. म्हणजे न आलेल्या खेळाचे नाव आलेल्या खेळाच्या हजारो कॅसेटींवर कायमचे कोरलेले आहे! पण नाव म्हणजे खेळ नव्हे. पुढे करू असे ठरवून नाव दिले आणि काम हातीच घेतले नाही, असेही होऊ शकते. मला विचाराल तर ‘मायर मेअर’ मी व्हल्कनच्या रांगेत बसवीन, निदान एखादी फीत पुढे येईपर्यंत.

‘नाइट लोअर’ची कथा याच्या नेमकी उलटी आहे. तो खेळ ‘सेबर वुल्फ’ या आधीच्या खेळाच्याही अगोदर तयार झाला होता, असे कंपनीच्या चालकांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. तो इतका पुढारलेला होता, की आधी बाजारात आणला असता तर ‘सेबर वुल्फ’ कोणी विकत घेतला नसता. म्हणून तयार खेळ कंपनीने मुद्दाम झाकून ठेवला. तेव्हा न आलेला खेळ अपुराच असतो असे समजायचे कारण नाही.

नावानंतरचा पुरावा म्हणजे चित्र. जाहिरातीत पडद्याचे चित्र असले की आपण म्हणू, झाले, खेळ होता! शोधक इतक्यावर विश्वास ठेवत नाही. तो भिंग घेऊन चौकोन मोजू लागतो. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके असत. पण स्मृती वाचवण्यासाठी प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग दिलेला नव्हता. आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद अशा घरांत पडदा वाटलेला होता. अशी घरे ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८. एका घरात एका वेळी फक्त दोनच रंग. पिवळा पक्षी हिरव्या झाडावरून निळ्या आकाशात गेला, की बिचाऱ्याची पिसे झाडाचा रंग घेत! म्हणून छापलेल्या चित्रात एकाच घरात तीन रंग दिसले, तर ते चित्र स्पेक्ट्रमचे असूच शकत नाही. ते दुसऱ्या संगणकावरचे असेल, नाहीतर चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले असेल. यंत्राची मर्यादा अशी साक्षीदाराच्या कामी येते.

त्याहून भक्कम पुरावा मासिकातल्या परीक्षणाचा. ‘द ग्रेट जियाना सिस्टर्स’ हा खेळ १९८७ साली जर्मनीच्या रेनबो आर्ट्स कंपनीने कमोडोर ६४ या संगणकासाठी काढला. निन्टेन्डोच्या प्रसिद्ध ‘सुपर मारिओ ब्रदर्स’शी त्याचे साम्य उघडउघड होते आणि हक्कांच्या कटकटीमुळे तो लवकरच बाजारातून मागे घेतला गेला. त्याची स्पेक्ट्रमवरची आवृत्ती दुकानात आलीच नाही, पण तिचे परीक्षण मासिकांत छापून आले! परीक्षकाने काहीतरी खेळल्याशिवाय गुण दिले नसावेत. म्हणजे एखादी तरी कॅसेट कंपनीतून मासिकाच्या कचेरीत गेली असावी. मग माग पुढे सरकतो. त्या वेळी परीक्षण कोण करीत असे? मासिक बंद पडल्यावर कपाटातल्या कॅसेटी कोणी घरी नेल्या? स्पेक्ट्रमच्या सूच्या करणाऱ्यांनी अशा खेळांसाठी लढाईत बेपत्ता झालेल्या शिपायाचा शेरा उचलला आहे: ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन’. कधी बाहेर न पडलेल्या खेळाचा शेरा वेगळा. दोन्हींची सरमिसळ करू नये हे शहाणपण चांगले.

माणसांची आठवण हाही पुरावाच, पण तो सैल. वीस-बावीस वर्षांचा प्रोग्रॅमर आज साठी ओलांडलेला असतो. ‘तो खेळ मी पुरा केला होता’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो आणि माळ्यावरच्या खोक्यातून निघतो तो निम्माच खेळ. उलटही घडते. तेव्हा शेवटचा निवाडा फितीचा.

आणि खरी ओढाताण येथेच सुरू होते. गाजलेल्या खेळाच्या हजारो कॅसेटी घरोघर पडलेल्या असतात. एक खराब झाली तर दुसरी, दुसरी नाही तर दहावी. प्रसिद्ध न झालेल्या खेळाची प्रत बहुधा एकच असते, फार तर दोन. ती गेली की सारे संपले. म्हणून त्या एका फितीवर काय आणि कसे लिहिलेले असते हे नीट समजून घेऊ.

कॅसेटच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण चिकटद्रव्यात मिसळून लावलेले असतात. ध्वनिमुद्रण करताना हे कण या नाहीतर त्या दिशेने चुंबकित होतात. संगणकाची सारी माहिती ० आणि १ या दोन अंकांत असते. स्पेक्ट्रमने त्यांच्यासाठी सोपी युक्ती केली: शून्यासाठी आखूड लाट, एकासाठी बरोबर दुप्पट लांबीची लाट. शून्याची लाट सुमारे ०.४९ मिलिसेकंदाची, एकाची ०.९८ मिलिसेकंदाची. वारंवारता काढायची तर शून्याची सुमारे २०४७ हर्ट्झ आणि एकाची सुमारे १०२३ हर्ट्झ. प्रोग्रॅमच्या आधी ८०७ हर्ट्झचा एकसुरी आवाज काही सेकंद वाजतो. तबलजी सुरुवातीला सूर जुळवून घेतो ना, तसाच हा प्रकार. संगणक त्यावरून सावध होतो.

‘ए’ हे इंग्रजी मोठे अक्षर घ्या. त्याचा संकेत ०१०००००१. सहा शून्ये, दोन एक. वेळ झाला ६ × ०.४९ अधिक २ × ०.९८, म्हणजे सुमारे ४.९ मिलिसेकंद. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. गुणाकार करा, एका अक्षराला पाव मिलिमीटरहूनही थोडी कमी फीत लागते. चाळीस किलोबाइटच्या खेळाला सुमारे चार मिनिटे आणि साडेअकरा मीटर फीत! एकट्या शून्याच्या वाट्याला मिलिमीटरचा फक्त चाळिसावा भाग येतो. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी दोन-तीन शून्ये मावतात. आता धुळीचा एक कण फितीवर बसला तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. गाण्यात एवढी खोट कानाला कळतही नाही. प्रोग्रॅममध्ये एक अंक बदलला की कधी खेळातल्या पक्ष्याचा एक ठिपका उडतो, तर कधी सारा खेळ ठप्प होतो.

वाचलेली माहिती बरोबर आहे हे कळायचे कसे? यासाठी प्रत्येक भागाच्या शेवटी एक तपासणीचा बाइट लिहिलेला असतो. त्याची रीत तुम्हाला वहीत करून पाहता येईल. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ या तीन अक्षरांचे संकेत एकाखाली एक मांडा:

०१०००००१
०१००००१०
०१००००११

आता प्रत्येक उभ्या रांगेतले एक मोजा. संख्या विषम असेल तर खाली १ लिहा, सम असेल तर ०. उत्तर येते ०१००००००. फितीवर शेवटी हेच लिहिलेले असते. वाचताना संगणक स्वतः हे गणित पुन्हा करतो. उत्तर जुळले तर ठीक, नाही तर ‘टेप लोडिंग एरर’ असे म्हणून हात टेकतो. खऱ्या फितीवर सुरुवातीच्या खुणेचा एक बाइटही यात धरतात, तो आपण सोपेपणासाठी सोडला आहे. ही तपासणी अचूक मात्र नाही. एकाच उभ्या रांगेत दोन ठिकाणी चूक झाली तर समविषम पुन्हा जुळते आणि चूक निसटते. दोन प्रती असतील तर एकमेकींशी ताडून पाहता येतात. प्रत एकच असेल तर या एका बाइटवर भिस्त ठेवावी लागते.

म्हणून सापडलेली फीत कोणी घाईघाईने जुन्या संगणकाला जोडत नाही. आधी तिचा आवाज आजच्या संगणकावर अंकरूपात उतरवून घेतात. सेकंदाला ४४,१०० वेळा लाटेची उंची मोजली, तर शून्याच्या अर्ध्या लाटेत सुमारे अकरा मापे पडतात, एकाच्या अर्ध्या लाटेत एकवीस-बावीस. एवढ्याने दोहोंतला फरक सहज ओळखता येतो. गाणी साठवताना वापरतात तसली दाबून लहान केलेली फाइल येथे चालत नाही, कारण कानाला नको ते गाळण्याच्या नादात ती लाटेच्या कडाच बोथट करते.

मग आजारी जागांचा इलाज. फीत ताणली गेली असेल तर सगळ्याच लाटा लांबतात, पण एकाची लाट शून्याच्या दुप्पट हे प्रमाण टिकते, म्हणून अशी फीत बहुधा वाचता येते. टेपरेकॉर्डरचे वाचणारे डोके किंचित तिरके असेल तर वरच्या वारंवारतेचा आवाज आधी मंदावतो, म्हणजे शून्ये पुसट होतात. त्यासाठी डोक्याशेजारचा बारीक स्क्रू फिरवून आवाज सर्वांत खणखणीत येईल ती स्थिती शोधतात. धुळीने लाट तुटली असेल तर पडद्यावर आलेख मोठा करून, शेजारच्या लाटांची लांबी पाहून, येथे काय असावे हे ठरवावे लागते. चुंबकत्व आपोआप जाईल अशी धास्ती लोकांना वाटते. पुष्कळदा त्याआधी इतर भागच दगा देतात: फीत डोक्यावर दाबून धरणारी नमद्याची गादी निखळते, चिकटद्रव्य ओल धरते, बुरशी चढते.

सगळे काही कॅसेटवरच असते असेही नाही. स्पेक्ट्रमसाठी ‘मायक्रोड्राइव्ह’ नावाची चिमुकली पेटी होती. तिच्यात जेमतेम दोन मिलिमीटर रुंद आणि पाच मीटर लांब फितीचे एक अखंड वेटोळे गरगर फिरत असे, आणि त्यावर सुमारे ८५ किलोबाइट मावत. काही प्रोग्रॅमर खेळ स्पेक्ट्रमवर लिहीतच नसत. ते दुसऱ्या, सोयीच्या संगणकावर लिहून तारेने स्पेक्ट्रममध्ये उतरवीत. या कामी ‘टाटुंग आइन्स्टाइन’ नावाचा संगणकही वापरला जाई. व्हल्कनचा निकाल लावणाऱ्याचे नाव येथे पुन्हा भेटावे याची मौज वाटते. अशा वेळी स्पेक्ट्रमच्या खेळाचा मूळ मजकूर स्पेक्ट्रमला वाचताच येणार नाही अशा चकतीवर पडलेला असतो आणि चकतीवर खेळाचे नावही नसते.

पुन्हा लिव्हरपूलला येऊ. ‘सायक्लॅप्स’ बहुतांशी कागदावरच्या कल्पनांपलीकडे गेला नव्हता, असे आता सांगितले जाते. ‘बँडरस्नॅच’चे तसे नव्हते. त्यावरचे काम कंपनीबरोबर बुडाले नाही. ते दुसऱ्या हातांत गेले, दुसऱ्या संगणकांसाठी बदलले गेले, आणि सिग्नोसिस या लिव्हरपूलच्याच नव्या कंपनीने ते ‘ब्राटाकस’ या नावाने अटारी एसटी, अमिगा आणि मॅकिन्टॉश या संगणकांवर आणले. म्हणजे एकाच जाहिरातीतला एक खेळ व्हल्कन, दुसरा नाव बदलून वावरणारा नेपच्यून! त्याची स्पेक्ट्रमसाठीची मूळ आवृत्ती मात्र बाजारात आली नाही ती नाहीच. २०१८ साली नेटफ्लिक्सने ‘बँडरस्नॅच’ नावाचा चित्रपट काढला तेव्हा कथेची सुरुवात मुद्दाम ९ जुलै १९८४ या तारखेला केली. चित्रपट मोठ्यांसाठी आहे, पण त्यातली एक खोडी सांगण्यासारखी आहे. त्यात एके ठिकाणी फितीची किरकिर ऐकू येते. काही चिकित्सक प्रेक्षकांनी ती उतरवून स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला ऐकवली, तर त्यातून एक चित्रसंकेत निघाला, आणि त्या संकेताने एक छोटा खेळ हाती दिला. तो खरोखरच स्पेक्ट्रमवर चालतो!

आपल्याकडे हे संगणक आले नव्हते असे समजू नका. १९८४ साली सरकारने शाळांसाठी सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक आले, आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकायला काढला. त्या काळच्या हौशी शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम कधी दुकानात गेले नाहीत, म्हणजे तेही प्रसिद्ध न झालेलेच! काका-मामांच्या किंवा शाळेच्या जुन्या कपाटात गाण्यांच्या कॅसेटींबरोबर एखादी किरकिर करणारी कॅसेट निघाली तर ती टाकून देऊ नका. बीबीसी मायक्रोची किरकिर वेगळी असते: शून्यासाठी १२०० हर्ट्झची एक लाट, एकासाठी २४०० हर्ट्झच्या दोन. कॅसेटच्या पाठीवरची दोन प्लास्टिकची टोके तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. ध्वनिवर्धकाजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी धरली असेल तर ती फिरवूच नका, जाणत्या माणसाकडे न्या. पुठ्ठ्यावर हाताने जे लिहिले असेल ते, खोडलेल्या अक्षरांसह, जसेच्या तसे उतरवून ठेवा. आणि प्रोग्रॅम कोणाचा हे कळले तर इतरांना देण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. खेळ विकला गेला नाही म्हणून त्यावरचा लेखकाचा हक्क संपत नाही.

कॅसेट नसली तरी एक प्रयोग करता येईल. कागदाच्या लांब पट्टीवर आपल्या नावाच्या इंग्रजी अक्षरांचे संकेत लाटांनी काढा, शून्याला एक सेंटिमीटर, एकाला दोन. शेवटी तपासणीचा बाइट काढायला विसरू नका. पट्टी मित्राला द्या आणि नाव ओळखायला सांगा. ते जमले की मधली एकच लाट कापून टाका, टोके चिकटवा आणि पट्टी दुसऱ्या मित्राला द्या. कापल्या जागेपुढची सगळी अक्षरे एकेका घराने सरकलेली दिसतील. आता त्याने नेमकी कोठली लाट गेली हे शोधून काढायचे आहे.